क्लीनर साइडचा आरसा

माझ्या दुकानात एक रीत आहे. गाडीतून जो भाग काढला, तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जळका फ्यूज असो, वायरी जोडणारा गंजलेला कपलर असो, नाहीतर बोटभर तुटकी वायर असो. "हे घ्या, हे तुमचं होतं," असं म्हणायचं आणि तळहातावर ठेवायचं. गिऱ्हाईक ते उलटसुलट करून बघतं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चेहरा सैल पडतो. विजेचं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हातात काहीतरी पडलं की माणसाला खरं वाटतं. ही रीत मला कोणी शिकवली नाही. इतक्या वर्षांत ती मी एकदाच मोडली.

दुकान कोल्हारला, नगर-मनमाड रोडला लागून. सुरुवातीला ट्रॅक्टरचे डायनॅमो आणि ट्रकचे हॉर्न एवढंच काम असायचं. आता कारच जास्त येतात, आणि कारमध्ये वायरींचं जे जंगल असतं त्यात माझे दिवस जातात. पूर्वी आरसा म्हणजे काच आणि दांडा. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, आरसा वळवायचा. आता ड्रायव्हरच्या दारावर एक बटण असतं आणि आरशाच्या पोटात दोन इवल्या मोटरी. एक काच वर-खाली करते, दुसरी आत-बाहेर. लोकांना ही सोय आवडते आणि ती बिघडली की लोक माझ्यावर चिडतात.

आरशाची तक्रार सांगायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक म्हणतो आरसा झोपला, दुसरा म्हणतो रुसला. एक बाई म्हणाल्या, "माझ्याकडं बघतच नाही." मी तसा तिरसट माणूस आहे. मी म्हणतो, काय दाबलं की काय होतं, तेवढं सांगा. कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. धुताना पाण्याचा फवारा आत गेलेला असतो. दसऱ्याला झेंडूची माळ आरशाला तारेनं आवळलेली असते आणि ती पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी सोडत नाही. एकदा तर बुलबुल आपल्याच प्रतिबिंबाशी रोज भांडून भांडून काच ढिली करून गेला होता, आणि मालक माझ्याकडं वायर बदलायला आला होता.

आमच्या धंद्यात डावं-उजवं कोणी म्हणत नाही. गाडीसमोर उभ्या माणसाचं डावं वेगळं, आत बसलेल्याचं वेगळं, त्यात निम्मा दिवस जातो. म्हणून ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. कारला क्लीनर कधीच नव्हता. तिथं बहुतेक घरांत बायको बसते. तरी ती बाजू क्लीनर साइडच.

आण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर ट्रक चालवत होते. साखरेची पोती, कांदा, सिमेंट, जे मिळेल ते. त्यांच्या काळात क्लीनर साइडचा आरसा नावाला असायचा. खरा आरसा म्हणजे क्लीनर. तो खिडकीतून अर्धा बाहेर लोंबायचा आणि दारावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे जाऊ दे. आण्णा सांगायचे की चांगल्या क्लीनरला तोंड नसलं तरी चालतं, तळहात पाहिजे. ते स्वतःही सुरुवातीला दोन वर्षं क्लीनर होते, पण ती दोन वर्षं ते हिशेबात धरत नसत. त्यानंतर त्या बाजूला ते कधी बसले नाहीत. स्वतःच्या लग्नाची वरात तेवढी सोडून द्यायची, आणि तेव्हाही म्हणे सगळा वेळ ड्रायव्हरला गिअर सांगत होते.

ट्रक सुटल्यावर मी घरी एक जुनी चंदेरी कार आणली, नेवाशाच्या एका डॉक्टरची वापरलेली. आण्णांनी ती पहिल्या दिवशीच आपली करून टाकली. किल्ली त्यांनी करदोड्याला बांधली. आमच्याकडं जुनी माणसं कमरेच्या या काळ्या दोऱ्याला कपाटाची, पेटीची किल्ली बांधतात. पण ही किल्ली रिमोटची होती, ती कमरेला असली तरी गाडी नुसत्या बटणावर सुरू व्हायची. आण्णा जेवायला मांडी घालून बसले की पोटाखाली रिमोटचं बटण दाबलं जायचं आणि अंगणात गाडी कुईं करून दिवे लावायची. आई म्हणायची, "तिलाबी वाढू का?" सकाळी डेअरीत दूध घालायला, आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्यायला, बाजाराला, सगळीकडं आण्णाच गाडी घेऊन जात. त्यांचा दिवस त्या गाडीला बांधलेला होता, हे मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

आरसा रोज जुळवावा लागायचा, कारण आमच्या अंगणात गाडीच्या शेजारी म्हैस बांधलेली असते आणि ती क्लीनर साइडच्या आरशाला अंग घासते. एके दिवशी डेअरीच्या फाटकाला त्या बाजूचं दार घासलं. आण्णा घरी येऊन म्हणाले, "आरसा ऐकत न्हाई. वर म्हनलं का आत वळतो. भायेर म्हनलं का खाली बघतो."

मी क्लीनर साइडचं दार उघडलं, आरशाजवळ उभा राहिलो आणि त्यांना बटण दाबायला सांगितलं. वर म्हटलं, वर गेला. बाहेर म्हटलं, बाहेर गेला. दहा वेळा दाबलं, दहा वेळा बरोबर.

"आण्णा, बटन उलटं दाबत आसाल," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं.

मग उसाच्या रानातल्या रस्त्यावर ते प्रकरण झालं. आमचा शेजारी सायकलच्या कॅरिअरला घासाचा भारा बांधून चालला होता. आण्णांना तो आरशात दिसला नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि शेजारी, सायकल, घास, सगळं कडेच्या पाण्याच्या चारीत. चारीला गुडघाभर पाणी होतं. तो कोपर खरचटून वर आला आणि हसत होता. म्हणाला, "आण्णा, मला सांगितलं आसतं तर मी आपला मीच उतरलो आस्तो की." तो हसला म्हणून गावही हसलं. आई मात्र हसली नाही. ती घरात जाऊन बसली आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलली नाही.

मी पुन्हा तपासलं. या वेळी रीतसर. फ्यूज काढून बघितला, बटण उपसून मीटर लावला, दाराचा आतला पॅड खोलून आरशाचा कपलर तपासला. दार सताड उघडं, मी उकिडवा, हातात टेस्ट लॅम्प, आणि आण्णा ड्रायव्हर सीटवर. बल्ब प्रत्येक वेळी पेटला. आरसा प्रत्येक वेळी सरळ चालला.

दुपारी जेवताना आई म्हणाली, "किल्ली काढून ठिवा आता."

आण्णांनी घास खाली ठेवला. त्यांना भांडायची सवय नव्हती. ट्रकवाल्यांत हा गुण दुर्मीळ आहे. ते मला म्हणाले, "आजून एकदा बघ. खोट गाडीत निगाली तर किल्ली माजी. माज्यात निगाली तर तुजी. मंग मी परत मागनार न्हाई."

मी हो म्हणालो. मला वाटलं, हे बरं झालं. गाडीत काही नाही हे मला माहीत होतं.

दुकान बंद असतं त्या वारी सकाळी मी अंगणात पुन्हा दाराचा पॅड खोलला. उकडत होतं म्हणून शर्ट काढून ड्रायव्हर सीटच्या पाठीवर टाकला. थोडा वेळ आण्णांनी बटण दाबलं, मी बल्ब बघितला, सगळं आधीसारखंच. आईनं चहाला हाक मारली तसे ते गाडी चालूच ठेवून उठून आत गेले. तेवढ्यात म्हशीचं रेडकू सुटलं आणि उघड्या दारातून तोंड घालून गाडीच्या खणातले कागद खायला लागलं. मी त्याला ढकललं आणि दार लावून घेतलं. मग पलीकडून ड्रायव्हर सीटवर बसलो आणि काही कारण नसताना बटण वर दाबलं.

आरसा आत वळला.

मी बाहेर दाबलं. आरसा हळूहळू बाहेर जाता जाता खाली बघायला लागला. आण्णा म्हणत होते अगदी तसा.

मी उतरलो, पलीकडं जाऊन दार उघडलं, परत येऊन बटण दाबलं. आरसा सरळ चालला. पुन्हा दार लावलं. आरसा तिरका. असं मी चारदा केलं आणि चौथ्या वेळी मला माझंच हसू आलं. दाराच्या बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, तिच्यातून गाडीच्या अंगातल्या सगळ्या वायरी दारात जातात. दार लावलं की ती नळी मुडपते, उघडलं की सरळ होते. आरशाच्या दोन मोटरींना तीन वायरी असतात. दोघींची एकेक, आणि तिसरी दोघींत सामाईक. ती सामाईक वायर नळीत तुटली की मग कोणतंही बटण दाबा, करंटला परतीची वाट उरत नाही. काही गाड्यांत आरसा जागच्या जागी मरतो. या गाडीत करंट दुसऱ्या मोटरीतून वाट काढत होता, म्हणून एक चालवायला गेलं की दुसरीही उलटी ओढत होती.

मी रबर सोलून वायर बाहेर ओढली. वरचं आवरण धडधाकट होतं. बोटांनी दाबत गेलो तेव्हा एका जागी वायर मऊ लागली. आत तांबं तुटलेलं होतं. वायर सरळ असली की दोन्ही टोकं एकमेकांना टेकायची, मुडपली की दूर व्हायची. तीन वेळा तपासूनही ती मला सापडली नव्हती, कारण मी तीनही वेळा दार उघडं ठेवून तपासत होतो. गाडी कोणी दार उघडं ठेवून चालवत नाही.

खोट सापडली की मला अजूनही बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं.

आण्णा दोन कप घेऊन अंगणात आले होते. ते ड्रायव्हर साइडला गेले आणि उघड्या दारातून कप आत धरून म्हणाले, "घे. सापडलं का?" सीटवर माझा शर्ट होता. मी पलीकडं, बिजागरीपाशी खाली बसलेलो होतो. ते तसेच कप धरून उभे राहिले, उत्तराची वाट बघत. त्यात मोठं काही नाही, घाईत कोणीही फसेल. पण मी मान वर करून त्यांचा चेहरा बघत होतो, आणि त्यांना शर्टात मीच दिसत होतो.

"न्हाई आण्णा," मी खालून म्हणालो. "गाडीत काय न्हाई."

मी बराच विचार करून खोटं बोललो असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. कारणं मी नंतर गोळा केली. शेजाऱ्याच्या जागी उद्या शाळेतून येणारी लेकरं असती. हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. आईचं मन थाऱ्यावर नव्हतं. सगळी कारणं खरी होती. पण ती वायर माझ्या बोटांत होती आणि मी ती मुठीत मिटली, हे आधी झालं.

आण्णा आवाजाच्या दिशेनं वळले. "बरं," म्हणाले. कप बॉनेटवर ठेवले आणि सदरा वर करून करदोड्याची गाठ सोडायला लागले.

गाठ घामानं घट्ट झाली होती. त्यांची नखं काही लागेनात. मला ते लवकर संपायला हवं होतं. मी पुढं झालो आणि हातातला वायर कटर दोऱ्याला लावायला गेलो.

"आरं ठिव ते!" आई दारातून ओरडली.

जित्या माणसाचा करदोडा कापत नाहीत. तो एकदाच कापतात, माणूस गेल्यावर. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं, मला माहीत नव्हतं असं नाही. दिवसभर वायरी कापणारा माझा हात आपसूक पुढं गेला, एवढंच. आण्णांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. रागानं नाही. मग आईनं त्यांना ओट्यावर उभं केलं, म्हणजे तिच्या गुडघ्यांना वाकावं लागणार नाही, आणि डोक्यातल्या आकड्यानं ती गाठ सोडवली. बराच वेळ लागला. आण्णा तेवढा वेळ हात वर करून रस्त्याकडं बघत उभे होते. मापं देताना माणूस शिंप्यासमोर उभा राहतो तसे.

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि आत गेले.

वायर तशीच ठेवणं मला जमलं नाही. तुटकी वायर उघडी ठेवून मी जेवू शकत नाही, हा धंद्याचा आजार आहे. मऊ लागणारा बोटभर तुकडा कापून काढला, तिथं नवी वायर सोल्डर केली, वर टेप गुंडाळली आणि रबर जागेवर बसवलं. दार लावून आरसा चालवून बघितला. सरळ चालला. तो तुकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खणात.

त्यानंतर आण्णा क्लीनर साइडला बसू लागले. तक्रार काही नव्हती. दिलेला शब्द ते मोडत नसत, आणि त्याचं कौतुक करून घेत नसत. मला वाटलं होतं की ते फुगून बसतील, चार दिवस जेवणार नाहीत, मग सवय होईल. ते सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, याची मी तयारी केलेली नव्हती.

डेअरीत, कटिंगच्या दुकानात, पारावर, कोणी विचारलं की गाडी का सोडली, तर ते सांगायचे, "पोरानं तीनदा तपासली. गाडीत काय न्हाई. माजाच अंगठा चुकतो." आणि वर म्हणायचे, "त्याच्या हातून खोट सुटत न्हाई." माझ्या दुकानात येऊन, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, स्टुलावर बसून ते हे सांगत. मी वायरींत डोकं घालून ऐकत असे. या जाहिरातीवर माझ्याकडं आरशाची कामं येऊ लागली, अगदी लांब काष्टीकडची माणसं कोणाचं तरी नाव सांगत यायची. लाजच वाटायची. पण काम करत होतो.

अंगठ्याचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. मोबाईल लावायचा असला की आईकडं द्यायचे, "तू दाब." टीव्हीचा रिमोट हातात धरीनासे झाले. कोणाशी बोलताना उजवा अंगठा बाकीच्या बोटांत धरून बसायचे. एकदा मी त्यांना रेशनच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या मशीनवर अंगठा उमटेना. म्हाताऱ्या माणसांचा नेहमीच उमटत नाही, रांगेतल्या तिघांचा उमटला नव्हता. दुकानदार म्हणाला, पुसून परत ठेवा. आण्णांनी सदऱ्याला पुसून परत ठेवला. मशीननं पुन्हा नाही म्हटलं.

"बघ," आण्णा मला म्हणाले, "मशीनबी त्येच म्हनती."

ते हसले. दुकानदारही हसला. मी कार्ड घेऊन बाहेर आलो आणि गाडीत जाऊन बसलो. त्या दिवशी सांगून टाकावं असं वाटलं. घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं, आणि घर आलं.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. एका सकाळी आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं सोडून आम्ही दोघं परत येत होतो. ती दुपारी मोकळी होणार होती. पुढं उसाच्या ट्रॉलीचं चाक निखळून रस्ता अडला होता. गाड्या बंद करून लोक खाली उतरले होते. मी नुसताच बसून होतो. आण्णांनी आपलं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि हात बिजागरीवर ठेवून ट्रॉलीकडं बघत बसले. त्यांची बोटं रिकामी राहत नाहीत. ती रबरी नळीवरून फिरत होती. थांबली. परत फिरली. त्यांनी नळीचं टोक जरासं ओढलं आणि आत बोट घातलं.

"टेप नवी हाय," ते म्हणाले.

मी समोर बघत राहिलो.

"बाकीची टेप कापडी हाय, वाळलेली. ही चिकाट लागती." मग त्यांनी विचारलं, "कवा लावली?"

आता खोटं बोलायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. "त्याच दिशी," मी म्हणालो. "तुमी चा ठिवून आत गेल्तात तवा."

पुढची ट्रॉली कलती करून लोक ऊस उतरवत होते. आण्णा ते बघत होते. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मी ते निमूट ऐकून घेतलं असतं. त्यांनी तळहात माझ्यापुढं धरला.

"जुना तुकडा?"

"दुकानात हाय."

"मंग दुकानावर घे."

रस्ता मोकळा व्हायला अर्धा तास गेला. दुकानाचं शटर वर केलं, खण ओढला. तुकडा तिथंच होता, जळक्या फ्यूजांच्या खाली. मी तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हे घ्या, हे तुमचं होतं."

ऐकलं तेव्हा मला कळलं मी काय म्हणालो ते.

आण्णांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला. मग हात लांब करून धरला. मग शटरपाशी उजेडात जाऊन फिरवून बघितला. "कुठं तुटलीय?" त्यांनी विचारलं.

मी जवळ गेलो. त्यांचा उजवा अंगठा बाकीच्या बोटांत मिटलेला होता. तो मी सोडवला आणि वायरच्या मऊ जागेवर टेकवला. "दाबा," म्हणालो. "हितं. लागतंय का?"

त्यांनी दाबलं. वायर तिथं मुडपली. पुन्हा सरळ केली, पुन्हा दाबली.

"हां," ते म्हणाले. "लागली." आणि मग, वायर तशीच धरून, "म्हंजी अंगठा बरा हुता."

मी खिशातून किल्ली काढून पुढं धरली. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. त्यांनी ती हातानं बाजूला केली.

"ऱ्हाऊ दे तुज्यापशी. डोळं गेल्यात, ते मला म्हाईत हुतं. शर्टाला चा दिला म्या त्या दिशी. तसं म्हनला आस्तास, आण्णा दिसत न्हाई तुमाला, तर तवाच दिली आस्ती." तुकडा त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला. "अंगठ्यावर कशाला घातलंस?"

मी उघडा राहिलेला खण ढकलून बंद केला.

ते गाडीकडं गेले, क्लीनर साइडचं दार उघडून बसले, दार ओढून घेतलं. मी शटर लावलं आणि गाडी सुरू केली. रोडवर उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक येत होते. मी मागं घेणार तोच त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि दारावर एक थाप मारली. मी ब्रेक दाबला. दोन ट्रॉल्या आमच्या अंगावरून गेल्यासारख्या निघून गेल्या. मी आरशात बघितलंच नव्हतं. त्यांनीही बघितलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

रस्ता रिकामा झाला. दारावर दोन थापा पडल्या, आणि मी गाडी मागं घेतली.